जुन्या कोडमधून क्लास डायग्राम काढायची आहे? इथून सुरुवात करा

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये पहिली नोकरी लागली, तेव्हा माझ्या हाती आला तो संत्र्याच्या आडतीचा हिशेब ठेवणारा जावाचा एक प्रोजेक्ट. कळमन्याच्या बाजारात माल उतरला की शेतकऱ्याची नोंद, लिलाव, तोलाई, हमाली, आडत आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती जाणारी पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, सगळं त्यातच. तीनशेच्या वर क्लास होते, कागदपत्र एकही नव्हतं, आणि ज्यांनी तो लिहिला ते दोघंही नोकरी सोडून गेले होते.

टीम लीड म्हणाले, "याची क्लास डायग्राम काढून आण." म्हणजे प्रत्येक क्लासची एक चौकट आणि त्यांचे संबंध दाखवणाऱ्या रेघा. मी सगळ्यात वरच्या पॅकेजवर राइट क्लिक केलं आणि आयडीईला, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरला, म्हटलं, काढ. लॅपटॉपचा पंखा बराच वेळ घरघरला आणि पडद्यावर कोळ्याचं जाळं उभं राहिलं. सीताबर्डीवर जाऊन ते मोठ्या कागदावर छापून आणलं. लीडनी कागद टेबलावर पसरला, दोन मिनिटं पाहिला आणि शांतपणे विचारलं, "हे काय होय जी? मला एवढंच दाखव, पट्टीची रक्कम यातला कोणता क्लास काढतो?"

मला दाखवता आलं नाही. त्यानंतरचे दोन आठवडे मी जे चाचपडत शिकलो, ते तुम्हाला एका दुपारी जमावं म्हणून हे लिहितो आहे. नोकरीत नवे असाल किंवा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टसाठी आकृत्या हव्या असतील, पायऱ्या त्याच आहेत.

१. आधी प्रश्न लिहा, मग आयडीई उघडा

एका कागदावर एक प्रश्न लिहा. "पट्टीची रक्कम कोण काढतं?" "नवा कर लावायचा झाला तर कुठल्या क्लासना हात लागेल?" "लॉगिनचा भाग बाकीच्या कोडपासून सुटा आहे का?" प्रश्न असा हवा की उत्तर देताना चित्रावर बोट ठेवता येईल.

"पूर्ण प्रोजेक्ट समजून घ्यायचा आहे" हा प्रश्न नाही. त्याचं उत्तर तीनशे चौकटींचं चित्र असतं आणि ते कुणी वाचत नाही. माझा अनुभव असा की एका चित्रात सात ते बारा चौकटी डोळ्याला पेलतात. पंधरा झाल्या की माणूस फक्त रेघा मोजत बसतो. प्रश्न तीन असतील तर चित्रंही तीन काढा. तेच क्लास दोन चित्रांत आले तरी काही बिघडत नाही.

२. काय काय जवळ हवं

- कोडची पूर्ण प्रत, सगळ्या लायब्ररींसकट. नुसतं सोर्स फोल्डर झिप करून दिलं असेल तर बिल्डची फाइलही मागून घ्या.
- तुमच्या भाषेची आयडीई. कोणती आणि कुठली आवृत्ती, ते चौथ्या पायरीत येतं.
- ग्राफव्हिझ. हे फुकट आहे आणि चौकटींची मांडणी करतं. पायरिव्हर्स, डॉक्सिजन, प्लँटयूएमएल ही टूल्स चित्र काढायला बहुतेक वेळा याच्यावरच विसंबतात.
- प्लँटयूएमएल वापरणार असाल तर मशीनवर जावा.
- कागद आणि पेन्सिल.
- हा व्यवसाय जाणणाऱ्या माणसाचा अर्धा तास. माझ्या बाबतीत ते बाजारातल्या एका आडत्याकडचे मुनीम होते. पट्टीतून काय काय कापलं जातं ते त्यांनी बोटावर मोजून सांगितलं. कोड वाचून ते कळायला मला चार दिवस लागले असते.

ऑफिसचा कोड असेल तर आणखी एक गोष्ट, परवानगी. ब्राउझरमध्ये कोड चिकटवला की चित्र काढून देणाऱ्या साइट पुष्कळ आहेत. तुम्ही चिकटवलेला मजकूर त्यांच्या सर्व्हरवर जातो. ग्राहकाचा कोड तिथे टाकू नका. खाली सांगितलेलं सगळं तुमच्याच मशीनवर होतं.

३. कोड बिल्ड होतो का ते पाहा

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. आयडीईला एखादी लायब्ररी सापडली नाही, तर तिच्यातल्या क्लासपासून निघालेला वारसा (इनहेरिटन्स) तिला कळत नाही आणि त्या जागची रेघ चित्रात येतच नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. चित्र सुबक दिसतं आणि अपुरं असतं.

तेव्हा प्रोजेक्ट आयडीईत उघडा, मेव्हन किंवा ग्रेडल या बिल्डच्या टूलला सगळ्या लायब्ररी उतरवू द्या, खालच्या पट्टीतलं इंडेक्सिंग संपू द्या, आणि एकदा बिल्ड करा. लाल रेघा गेल्यावरच पुढे चला.

४. प्रत्यक्ष चित्र काढणे

*जावा, इंटेलिजे आयडियामध्ये.* डायग्रामची सोय पैशाच्या म्हणजे अल्टिमेट परवान्यात आहे. फुकट वापरात (२०२५ पर्यंत याची वेगळी कम्युनिटी आवृत्ती होती) तो मेन्यू शोधण्यात वेळ घालवू नका, तिथे तो नाही. विद्यार्थ्यांना कॉलेजच्या ईमेलवर किंवा ओळखपत्रावर फुकट परवाना मिळतो, पण तो शिकण्यापुरता आहे, ऑफिसच्या कामाला चालत नाही. बाकीच्यांना ३० दिवस वापरून पाहता येतं.

ज्या क्लासपासून तुमचा प्रश्न सुरू होतो, त्या एकाच क्लासवर राइट क्लिक करा. पॅकेजवर नको. 'डायग्रॅम्स' आणि त्यात 'शो डायग्राम'. विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि यू एकदम दाबलं तरी तेच उघडतं. आता चित्रात तो क्लास आणि त्याचे पूर्वज दिसतील. स्पेस दाबली की नाव टाकून दुसरा क्लास आत आणता येतो. नको असलेली चौकट निवडून डिलीट दाबा. इथे डिलीटने ती फक्त चित्रातून जाते, कोडला धक्का लागत नाही. वरच्या पट्टीवर फील्ड, कन्स्ट्रक्टर, मेथड अशी बटणं आहेत, त्यांनी चौकटीत काय दिसावं ते ठरवता येतं.

इथला मोठा सापळा असा की चित्र पहिल्यांदा उघडतं तेव्हा फक्त वारशाच्या रेघा दिसतात. एका क्लासच्या फील्डमध्ये दुसरा क्लास असला तरी रेघ नसते, कारण 'शो डिपेंडन्सीज' हे बटण मुळात बंद असतं. नवा माणूस सुट्या चौकटी पाहतो आणि समजतो की यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ते बटण चालू करा, पण क्लास मोजकेच ठेवल्यावर.

*सी शार्प, व्हिज्युअल स्टुडिओमध्ये.* इथे क्लास डिझायनर आहे आणि तो फुकटच्या कम्युनिटी आवृत्तीतही चालतो. मात्र तो आपोआप बसलेला नसतो. व्हिज्युअल स्टुडिओ इन्स्टॉलर उघडून 'इंडिव्हिज्युअल कंपोनंट्स' या टॅबमध्ये 'क्लास डिझायनर' शोधा आणि टिक करा. मग सोल्यूशन एक्स्प्लोररमध्ये फाइलवर राइट क्लिक करून 'व्ह्यू क्लास डायग्राम' घ्या. प्रोजेक्टमध्ये नावाच्या शेवटी डॉट सीडी असलेली फाइल तयार होते आणि कोड बदलला की चित्रही बदलतं.

क्लास डिझायनर दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणजे चित्रात केलेला बदल कोडमध्येही जातो. राइट क्लिकच्या मेन्यूत 'रिमूव्ह फ्रॉम डायग्राम' आणि 'डिलीट कोड' हे दोन्ही पर्याय असतात. कोणता दाबताय ते वाचून दाबा, आणि चित्राला हात लावण्याआधी गिटमध्ये कमिट करून ठेवा. इथेही फील्ड किंवा प्रॉपर्टी आधी चौकटीच्या आतच दिसते. तिच्यावर राइट क्लिक करून 'शो ॲज असोसिएशन' म्हटलं की ती रेघ होऊन बाहेर येते. ती यादी असेल तर 'शो ॲज कलेक्शन असोसिएशन' घ्या.

*पायथन.* पायलिंट बसवलं की पायरिव्हर्स त्याच्यासोबत येतं. टर्मिनलमध्ये पायरिव्हर्सला पॅकेजचं नाव द्या. एक आकृती क्लासची मिळते, आणि मॉड्यूल एकाहून जास्त असतील तर दुसरी पॅकेजची. आउटपुटचा प्रकार पीएनजी मागितला तर ग्राफव्हिझ लागतं, आणि इथेच पुष्कळ जण अडकतात. पिपने 'ग्राफव्हिझ' बसवलं की झालं असं वाटतं, पण पिपवर त्या नावाने मिळतं ते पायथनमधून ग्राफव्हिझला हाक मारायचं आवरण आहे. खरा प्रोग्राम वेगळा बसवावा लागतो आणि तो सिस्टिमच्या पाथमध्ये असावा लागतो.

पायरिव्हर्स कोड चालवत नाही, नुसता वाचतो. इनिटमध्ये तुम्ही स्वतः ऑब्जेक्ट बनवून सेल्फमध्ये ठेवला असेल तर त्याला संबंध कळतो. बाहेरून आलेला आर्ग्युमेंट टाइप न लिहिता ठेवला असेल तर त्याला काहीच कळत नाही. म्हणून आधी महत्त्वाच्या जागी टाइप हिंट लिहा, मग चित्र काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाइप लिहिता लिहिता निम्मा कोड आपोआप वाचून होतो.

*सी प्लस प्लस.* डॉक्सिजन वापरा. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तीन गोष्टी 'येस' करा: ग्राफव्हिझचा डॉट उपलब्ध आहे ही नोंद, यूएमएलसारखं (म्हणजे अशा आकृत्यांच्या प्रमाण चिन्हांत) दिसणं, आणि सगळं काढून घेणं. तिसरी विसरलात तर ज्या क्लासवर टिपणं लिहिलेली नाहीत ते गाळले जातात. जुन्या कोडमध्ये असे क्लासच जास्त, म्हणून चित्र जवळपास रिकामं येतं.

*अगदी नवशिके असाल तर.* कॉलेजच्या लहान जावा प्रोजेक्टसाठी ब्लूजे पुरेसं आहे. ते शिकवण्यासाठीच बनवलं आहे, फुकट आहे आणि प्रोजेक्ट उघडताच चौकटी आणि बाण समोर येतात. चौकटीत फील्ड दिसत नाहीत, पण कोण कुणावर उभं आहे ते पाहायला उत्तम.

५. चौकटी रिकाम्या करा

चित्र आल्यावर पहिलं काम कापाकापीचं. गेटर-सेटर लपवा. कन्स्ट्रक्टर लपवा. प्रायव्हेट मेथड लपवा. भाषेचे स्वतःचे क्लास, स्ट्रिंग, लिस्ट, डेट वगैरे, चित्रातून काढून टाका. लॉगर तर नक्कीच काढा. तो सगळीकडे असतो आणि त्याच्या रेघा सगळ्या चित्रावरून आडव्या जातात.

कापाकापी केल्यावर मला एक गोष्ट दिसली. आमच्या कोडमध्ये 'बहार' नावाचा ॲब्स्ट्रॅक्ट क्लास होता आणि त्याचे दोन वारस, 'अंबिया' आणि 'मृग'. संत्र्याचे हे दोन बहार. अंबियाचा माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. गेटर लपवताच त्या दोन्ही चौकटी पूर्ण रिकाम्या झाल्या. दोघांत वेगळं असं एकही वागणं नव्हतं, फरक होता तो फक्त महिन्यांचा. तिथे वारसा नकोच होता, साधा ईनम, म्हणजे ठरावीक किमतींची यादी, पुरला असता. कोड वाचताना हे माझ्या नजरेतून सुटलं होतं, रिकाम्या चौकटींनी ते दाखवलं. तुमच्याही चित्रात रिकाम्या चौकटी उरल्या तर तिथे थांबून पाहा.

६. टूलला काय कळत नाही, ते हाताने भरा

हा भाग नीट वाचा, कारण चित्र बिनचूक दिसत असतानाच इथे फसायला होतं.

आधी चिन्हं. पोकळ त्रिकोणाचा बाण म्हणजे वारसा, आणि तोच तुटक रेघेवर असेल तर इंटरफेस अमलात आणणं. साधी रेघ म्हणजे ओळख किंवा संबंध. पोकळ हिरा म्हणजे ॲग्रिगेशन, भरलेला काळा हिरा म्हणजे कंपोझिशन. अधिक चिन्ह पब्लिक, वजा प्रायव्हेट, हॅश प्रोटेक्टेड. तिरक्या अक्षरातलं नाव ॲब्स्ट्रॅक्ट, अधोरेखित ते स्टॅटिक. यूएमएल हे १९९७ साली ओएमजी या संस्थेने मानक म्हणून स्वीकारलं आणि २.५.१ ही आवृत्ती २०१७ची आहे, पण आयडीई ते मानक अक्षरशः पाळत नाहीत. रंग, तुटक रेघा, चिन्हं प्रत्येकाची थोडी वेगळी असतात. रिपोर्टमध्ये लावणार असाल तर एका कोपऱ्यात चिन्हांची यादी द्या.

आता हिऱ्यांचं. पट्टी आणि पट्टीतल्या ओळी पाहा. पट्टी रद्द झाली की तिच्या ओळींना वेगळं अस्तित्व नाही. हे कंपोझिशन, काळा हिरा. आता लिलाव आणि त्यात माल आणणारे शेतकरी पाहा. लिलाव संपला तरी शेतकरी आहेच, उद्या दुसऱ्या आडत्याकडे माल घेऊन जाईल. इथे काळा हिरा चूक आहे, पोकळ हवा. पण कोडमध्ये दोन्ही जागी एकच गोष्ट लिहिलेली असते, एका क्लासमध्ये दुसऱ्याची लिस्ट. टूलला ती लिस्टच दिसते. इंटेलिजे अशा फील्डला सरसकट काळा हिरा लावतं. कोण कुणाशिवाय जगू शकतं हे मुनीम सांगू शकतात, आयडीई नाही. प्रत्येक हिऱ्यावर थांबा आणि तो हाताने ठरवा.

दुसरी आंधळी जागा म्हणजे नंबरांनी जोडलेले क्लास. पट्टीमध्ये शेतकऱ्याचा ऑब्जेक्ट नसून फक्त त्याचा आयडी, एक पूर्णांक, ठेवलेला असतो. डेटाबेसमध्ये तो संबंध पक्का असतो, चित्रात मात्र रेघच नसते. नावाच्या शेवटी 'आयडी' असलेली फील्ड शोधा आणि त्यांच्या रेघा पेन्सिलीने ओढा.

तिसरी म्हणजे स्प्रिंगसारखी फ्रेमवर्क. फील्डचा टाइप इंटरफेस असतो, म्हणून रेघ इंटरफेसपाशी थांबते. प्रोग्राम चालताना तिथे कोणता क्लास बसवला जातो ते अॅनोटेशनमध्ये किंवा कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ते स्वतः शोधून चित्रावर टिपणं लिहा.

आणि चौथीने मला दोन आठवडे घुमवलं. मेथडच्या आत एखाद्या क्लासची स्टॅटिक मेथड बोलावली, तर कुठल्याही फील्डमध्ये त्याची खूण राहत नाही. माझ्या चित्रात पट्टीभोवती शेतकरी, लिलाव, तोलाई, हमाली सगळे होते आणि रक्कम काढणारा कुणीच नव्हता. शेवटी पट्टीतल्या रकमेच्या फील्डवर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एफ७ दाबलं, म्हणजे 'फाइंड युसेजेस'. एक स्टॅटिक मेथड्सचा युटिलिटी क्लास सापडला. सगळी वजावट तिथे, एकाच मेथडमध्ये. त्याला एकाही फील्डची रेघ जोडलेली नव्हती, म्हणून चित्राने त्याला बाहेर ठेवलं होतं.

तेव्हापासून मी चित्र संपलं असं मानायच्या आधी प्रश्नातल्या मुख्य मेथडवर कंट्रोल, ऑल्ट आणि एच दाबून 'कॉल हायरार्की' उघडतो आणि त्या झाडातला प्रत्येक क्लास चित्रात आहे का ते तपासतो. नसेल तर तुटक बाणाने जोडतो.

७. चित्र मजकुरात साठवा

पीएनजी काढून वर्डमध्ये चिकटवली की पुढच्या महिन्यात ती शिळी होते आणि बदलताही येत नाही. त्यापेक्षा प्लँटयूएमएल किंवा मर्मेड वापरा. दोन्हीत चित्र म्हणजे साध्या मजकुराच्या काही ओळी. पायरिव्हर्स या दोन्ही प्रकारांत थेट लिहून देतं, इंटेलिजेच्या नव्या आवृत्त्यांतही एक्स्पोर्ट करता येतं. प्लँटयूएमएलमध्ये आतल्या ओळी अशा दिसतात:

"पट्टी" *-- "पट्टीओळ"
"लिलाव" o-- "शेतकरी"

तारा म्हणजे काळा हिरा आणि ओ म्हणजे पोकळ. सहाव्या पायरीत हाताने ठरवलेलं सगळं इथे एका अक्षराने दुरुस्त होतं. देवनागरी नावं वापरायची असतील तर अशीच अवतरणांत ठेवा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.

गिटहबवर रिपॉझिटरी असेल तर मर्मेड सोयीचं. २०२२ पासून तिथे रीडमी फाइलमधली मर्मेडची आकृती आपोआप चित्र होऊन दिसते. प्लँटयूएमएलचं तसं नाही, चित्र वेगळं काढून लावावं लागतं. आणि प्लँटयूएमएलची पीएनजी उजवीकडून कापलेली आली तर तुमचा मजकूर चुकलेला नाही. चित्राची लांबी-रुंदी मुळात ४०९६ पिक्सेलपर्यंतच ठेवलेली असते. मर्यादा वाढवता येते, पण एसव्हीजी काढणं बरं. छापतानाही ती फाटत नाही.

८. देण्याआधी

चित्राच्या डोक्यावर तुमचा प्रश्न लिहा. खाली तारीख आणि कोणत्या कमिटवरून काढलं त्याचा क्रमांक. हाताने घातलेल्या रेघा वेगळ्या रंगात ठेवा, म्हणजे कोडमधून काय आलं आणि तुम्ही काय ठरवलं ते वाचणाऱ्याला कळेल. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला "हा हिरा काळा का?" असं विचारलं जाऊ शकतं. उत्तर तयार ठेवा, आणि "सॉफ्टवेअरने काढला" हे उत्तर देऊ नका.

मी दुसऱ्यांदा लीडकडे गेलो तेव्हा साध्या ए-फोर कागदावर नऊ चौकटी होत्या. दहावी, युटिलिटी क्लासची, लाल पेन्सिलीने काढलेली. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मग हमालीचा दर बदलला तर इथंच बदलायचा ना?" मी हो म्हटलं, आणि दुपारनंतर आम्ही दोघांनी बसून तो बदलला.